१० मीटर एअर रायफल जुळवताना: काय कशाला बसतं आणि काय बसत नाही

नेमबाजीतलं पहिलं वर्ष क्लबच्या रायफलीवर निघून जातं. मग मुलगी जिल्हा स्पर्धेत बरे गुण काढते, कोच म्हणतात "आता स्वतःची घ्या", आणि घरात हिशेब सुरू होतो. नवी जर्मन किंवा ऑस्ट्रियन मॅच रायफल काही लाखांच्या घरात जाते. त्यामुळे बरेच पालक जुन्या बाजाराकडे वळतात. कुणाकडून नुसती नळी आणि छर्रा भरून मारायची यंत्रणा, म्हणजे बॅरल-अ‍ॅक्शन मिळते, दुसऱ्याकडून डायॉप्टर (बारीक भोकातून बघायची मागची साइट), तिसऱ्याकडून हवेचा सिलिंडर, खांद्याला टेकणारी बटप्लेट ऑनलाइन मागवली जाते. सगळं टेबलावर मांडलं की कळतं, यातल्या दोन गोष्टी एकमेकींना बसत नाहीत.

न जुळण्याचे प्रकार तीन. काही भाग बसतच नाही, तो लगेच परत करता येतो. काही भाग बसतो, पण काम नीट करत नाही. हा सगळ्यात महागात पडतो, कारण महिनोन्महिने दोष नेमबाजाच्या माथी मारला जातो. तिसरा प्रकार म्हणजे भाग बसतो, काम करतो, पण नियमात बसत नाही, आणि हे स्पर्धेच्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे सामान तपासणीच्या टेबलावर समजतं. पुढचं सगळं लिखाण प्रामुख्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी आहे.

कायद्याचं एका दमात सांगून टाकतो. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमी कॅलिबरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. मॅच रायफली सात-साडेसात ज्यूलच्या आसपास असतात, म्हणजे मर्यादेच्या खूप खाली. तरी बिल, विकणाऱ्याची सही असलेला कागद आणि स्वतःचं ओळखपत्र रायफलीच्या केसमध्ये कायम ठेवा. ताकद वाढवायच्या नादाला लागू नका. १० मीटरवर तिचा काडीचा उपयोग नाही, आणि रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) किंवा व्हॉल्व्हशी केलेला खेळ अंगाशी येतो.

पहिली पायरी: जे बदलत नाही ते आधी लिहून काढा

खरेदीची सुरुवात लोक डोळ्यात भरणाऱ्या गोष्टींपासून करतात: रंगीत स्टॉक (रायफलीचा दांडा), चकचकीत आयरिस (साइटचं लहान-मोठं करता येणारं भोक). क्रम उलटा हवा. रायफलीत बॅरल आणि अ‍ॅक्शन हा एकच भाग असा आहे की त्याच्याशी बाकी सगळ्यांनी जमवून घ्यायचं असतं. म्हणून वहीचं एक पान त्याला द्या. त्यावर कंपनी, मॉडेलचं पूर्ण नाव, उत्पादनाचं वर्ष, अनुक्रमांक, आणि उजव्या हाताची की डावखुरी, हे लिहा. मॉडेलचं नाव अर्धवट लिहू नका. एकाच नावाच्या रायफलीची ज्युनियर आवृत्ती, अ‍ॅल्युमिनियम स्टॉकची आवृत्ती आणि लाकडी स्टॉकची आवृत्ती वेगवेगळी असते, आणि सुटे भाग त्या शेपटाप्रमाणे बदलतात.

मग व्हर्नियर कॅलिपर घ्या. साधा डिजिटल चालेल. मागच्या साइटच्या रेलची रुंदी, पुढच्या साइटच्या रेलची रुंदी, बॅरलचा किंवा तिच्यावरच्या नळकांड्याचा बाहेरचा व्यास, स्टॉकला अ‍ॅक्शन धरणाऱ्या बोल्टांमधलं अंतर: ही मापं पानावर उतरवा. विकणारा "सगळ्यांना बसतं हो" म्हणाला की त्याच्याकडे हीच मापं मागायची. माप देत नसेल तर फोटो मागा, भागाशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला. तोही देत नसेल तर तो सौदा सोडून द्या, दुसरा मिळेल.

कुठलंही काम सुरू करण्याआधी सिलिंडर काढा, अ‍ॅक्शन उघडून बॅरल रिकामी असल्याची खात्री करा, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) घाला. घरातल्या टेबलावरसुद्धा. सिलिंडर काढल्यावरही अ‍ॅक्शनमध्ये एखाद्या शॉटपुरती हवा राहू शकते, म्हणून ती रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला धरून मोकळी करून घ्या.

दुसरी पायरी: सिलिंडर

जुन्या रायफलीच्या किमतीतला खरा फरक इथे लपलेला असतो. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमाप्रमाणे सिलिंडर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत असला पाहिजे, आणि ही मुदत जास्तीत जास्त १० वर्षांची. ती पाळणं ही नेमबाजाची जबाबदारी आहे. तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते. रायफल दिसायला नव्यासारखी असेल आणि सिलिंडरची मुदत पुढच्या वर्षी संपत असेल, तर नव्या सिलिंडरची किंमत आजच रायफलीच्या किमतीतून वजा करून बोला. आणि त्या मॉडेलचा सिलिंडर अजून बनतो का, हे सौदा होण्याआधी विचारा.

सिलिंडरचे आटे प्रत्येक कंपनीचे आपापले असतात, कधी एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचेही जुळत नाहीत. वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ, स्टायर यांचे सिलिंडर शेजारी उभे केले तर नवख्याला एकसारखेच दिसतील. एखादा दोन फेरे आत जातो आणि अडतो. तिथे थांबायचं. पान्हा लावून पुढे रेटायचा नाही, कारण दोनशे बार दाबाचं भांडं चुकीच्या आट्यांवर अडकवणं हा जिवाशी खेळ आहे. आटे जुळवून देणारे घरगुती जोडही नकोत. लेथवर कुणी कितीही सफाईने काढून दिले तरी नकोत.

भरण्याच्या बाजूची जुळणी वेगळी. रायफलीच्या सिलिंडरला त्याच्या आट्यांचा चार्जिंग अ‍ॅडॅप्टर लागतो आणि त्या अ‍ॅडॅप्टरचं दुसरं टोक रेंजवरच्या मोठ्या टाकीला बसावं लागतं. मोठ्या टाक्या साधारणपणे पाणबुड्यांच्या डिन पद्धतीच्या (आट्यांनी बसणाऱ्या जोडाच्या) असतात, आणि त्यात २०० बार आणि ३०० बार असे दोन प्रकार. दोघांचा व्यास सारखाच. ३०० बारच्या व्हॉल्व्हचं भोक मात्र खोल असतं. त्यामुळे २०० बारचा आखूड जोड त्याच्या तळापर्यंत पोचत नाही आणि हवा सुटत राहते. ही खोड मुद्दाम ठेवलेली आहे, म्हणजे कमी दाबाचं सामान जास्त दाबाच्या टाकीला चुकूनही लागू नये. उलट बाजूने ३०० बारचा लांब जोड २०० बारच्या टाकीला छान बसतो. म्हणून अ‍ॅडॅप्टर नवा घेत असाल तर ३०० बारचा घ्या, दोन्हीकडे चालेल. फक्त एक लक्षात ठेवा: रायफलीचा सिलिंडर २०० बारचा असेल आणि टाकी ३००ची, तर भरताना नजर गेजवरून हटवायची नाही आणि काटा २००च्या पुढे जाऊ द्यायचा नाही. व्हॉल्व्ह सावकाश उघडा. भराभर भरली की हवा तापते, गेज जास्त दाखवतं, आणि थंड झाल्यावर दाब उतरलेला दिसतो. मग लोकांना वाटतं, लीक आहे.

खरी लीक ओळखायची तर सिलिंडर भरून थंड होऊ द्या, आकडा लिहा, रायफलीला लावून रात्रभर ठेवा. दुसऱ्या रात्री सुटा ठेवा. फक्त लावलेल्या रात्री दाब उतरत असेल तर दोष जोडाच्या ओ-रिंगमध्ये (रबरी कडीत) किंवा अ‍ॅक्शनमध्ये आहे, सुटा असतानाही उतरत असेल तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये. ओ-रिंग नेमक्या मापाची हवी. नळाच्या दुकानातून "जवळपास" मापाची आणून बसवली की ती पहिल्यांदा धरते आणि महिन्याभरात चिरते. वंगण लावायचं तर कंपनीने सांगितलेलंच, आणि साधं तेल तर कधीच नाही. सिलिंडरमध्ये भरायची ती हवाच, ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. कोकणात किंवा पावसाळ्यात हातपंपाने भरणाऱ्यांनी पंपाचा ओलावा गाळणारा भाग वेळच्या वेळी बदलावा, नाहीतर पाणी सिलिंडरमध्ये आणि तिथून रेग्युलेटरमध्ये जातं.

तिसरी पायरी: नियमांची चौकट आखून घ्या

खरेदीच्या यादीआधी ही मापं पाठ असू द्या. रायफलीचं एकूण वजन ५.५ किलोच्या आत. अ‍ॅक्शनच्या मागच्या टोकापासून बॅरलच्या दिसणाऱ्या तोंडापर्यंतची (पुढे नळी लावली असेल तर तिच्या टोकापर्यंतची) लांबी ८५० मिमीच्या आत. पुढच्या साइटचं टनेल (तिची गोल नळी) २५ मिमी व्यास आणि ५० मिमी लांबीच्या आत, आणि ते दिसणाऱ्या तोंडाच्या पुढे डोकावता कामा नये. फोर-एंडची (स्टॉकच्या पुढच्या भागाची) जाडी ६० मिमीपर्यंत. बटप्लेटची लांबी १५३ मिमीपर्यंत आणि तिच्या वळणाची खोली २० मिमीपर्यंत. नियमपुस्तकाची आवृत्ती दर काही वर्षांनी बदलते, त्यामुळे स्पर्धेआधी ताजी आवृत्ती एकदा उघडून बघावीच.

८५० मिमीचा नियम जुळवाजुळवीत हमखास नडतो. दोन साइटमधलं अंतर वाढावं म्हणून बॅरलच्या पुढे पोकळ नळी लावतात. एका रायफलीवर नियमात बसणारी नळी दुसऱ्या, मुळातच लांब अ‍ॅक्शनच्या रायफलीवर मर्यादेबाहेर जाते. नळी विकत घेण्याआधी टेप लावा.

आणि ५० मीटरचं सामान. पॅरिसला २०२४मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि कोल्हापुरातच काय, सगळ्या महाराष्ट्रात मुलांच्या मोबाईलवर त्या रायफलीचे फोटो आले. ती पॉइंट टू टू बोअरची रायफल. त्या प्रकारात काखेखाली जाणारा हुक असलेली बटप्लेट चालते, झोपून आणि गुडघ्यावर बसून मारताना पट्टाही चालतो. आपल्या १० मीटरच्या उभ्या प्रकारात हुक चालत नाही, पट्टा चालत नाही. जुन्या बाजारात ५० मीटरवाल्यांनी विकायला काढलेली बटप्लेट सुंदर असते आणि स्वस्तही मिळते. हुक सुटा होत असेल तरच घ्या.

चौथी पायरी: साइट

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात, आणि ते घोळ बसण्या-न बसण्याचे नसून बसूनही न जुळण्याचे असतात. म्हणून इथे जरा रेंगाळू.

आधी रेल. मॅच रायफलींवर ११ मिमीची डवटेल (तिरक्या कडांची रेल) असते. दुर्बिणी आणि टॅक्टिकल सामानाची पिकॅटिनी रेल साधारण २१ मिमी रुंद आणि आडव्या खाचांची. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. मधला जोड बाजारात मिळतो, पण तो साइटची उंची वाढवतो, आणि त्याचं काय होतं ते पुढे बघू. ११ मिमी म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या रेलही सारख्या नसतात. साध्या एअर गनवर रुंदी आणि कडांचा उतार थोडा इकडेतिकडे असतो. डायॉप्टरचा जबडा अशा रेलवर आवळला जातो, हाताला घट्ट लागतो, पण धरतो फक्त एका कडेवर. ओळखायचं कसं? साइट बसवून आवळा, कडेला पेन्सिलीची बारीक रेघ मारा, ४० शॉट मारा, रेघ बघा. सरकली असेल तर आणखी आवळण्यात अर्थ नाही, जबडाच चुकीचा आहे.

आता उंची. मानेचा बाक कमी व्हावा म्हणून साइटखाली ठोकळे घालतात. नियम साधा आहे: मागे जेवढे मिलिमीटर वाढवले तेवढेच पुढे. नवखे मागचा ठोकळा एकाकडून आणि पुढचा दुसऱ्याकडून घेतात. समजा पुढची साइट १० मिमीने वर गेली आणि मागची ८ मिमीने. फरक २ मिमी. दोन साइटमधलं अंतर ८०० मिमी धरा. दहा मीटरवर हाच फरक २ गुणिले १०,००० भागिले ८००, म्हणजे २५ मिमी होतो, आणि शॉट तेवढा खाली जातो. एअर रायफलच्या टार्गेटचा एकूण व्यास ४५.५ मिमी, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत २२.७५. साडेचार मिमीच्या छऱ्र्याची कड एकच्या रेघेला जेमतेम शिवेल. डायॉप्टर फिरवून हे भरून निघेल की नाही, ते त्याच्या उंचीची चाल किती शिल्लक आहे यावर ठरतं. निघालं तरी साइट एका टोकाला जाऊन बसते आणि पुढच्या बदलाला जागाच राहत नाही. म्हणून ठोकळे जोडीनेच घ्या. आणि नवी साइट बसवण्याआधी तिचे दोन्ही नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत फिरवून बरोबर मध्यावर आणा. साइट किती उंच असावी यालाही नियमात मर्यादा आहे, तीही बघून ठेवा.

पुढच्या टनेलचे दोन घराणे आहेत: १८ मिमी आणि २२ मिमी आट्यांचे. टार्गेट आत धरायच्या रिंगा, इन्सर्ट, पुढचे आयरिस सगळं या दोनांपैकी एका मापात येतं. जाहिरातीत "फ्रंट रिंग सेट" एवढंच लिहिलेलं असलं की विचारायचंच, १८ की २२. याउलट मागच्या बाजूला बरीच एकवाक्यता आहे. मॅच डायॉप्टरच्या डोळ्याकडच्या भोकाला ९.५ मिमीचे, एक मिमी पल्ल्याचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे असतात, त्यामुळे सेंट्रा किंवा गेमानचा आयरिस दुसऱ्या कंपनीच्या मॅच डायॉप्टरवर बसतो. शिकाऊ रायफलीबरोबर येणाऱ्या साध्या पीप साइटबाबत मात्र हे गृहीत धरू नका.

साइटमधलं अंतर बदललं की रिंगचा आकारही बदलावा लागतो, हे फार थोडे लोक सांगतात. टार्गेटवरचा काळा गोल ३०.५ मिमीचा. पुढची साइट डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवर असेल तर तिथे तो गोल साधारण २.७५ मिमीचा दिसतो. ३.८ मिमीची रिंग लावली तर काळ्याभोवती दोन्ही बाजूंना अर्ध्या मिमीहून किंचित जास्त पांढरं उरतं. आता बॅरलपुढे नळी लावून साइट १०० सेंटिमीटरवर नेली. काळा गोल ३.०५ मिमीचा झाला आणि त्याच रिंगमध्ये पांढरं उरलं ०.३७. नेमबाज म्हणते, "सर, हल्ली काळं रिंगला चिकटतंय, नजर गेली वाटतं." नजर कुठे गेलेली नसते. ४.२ची रिंग लावली की पांढरं पुन्हा पूर्वीइतकं होतं. डोळ्याच्या डॉक्टरकडे जाण्याआधी रिंग बदलून बघा. नंतर जायला हरकत नाही, तपासणी झालेली बरीच.

साइटच्या नॉबच्या क्लिकचंही तसंच. दोन साइटमधलं अंतर वाढलं की एका क्लिकला शॉट पूर्वीपेक्षा कमी सरकतो. जुन्या वहीतले "एक पॉइंटला इतके क्लिक" हे आकडे नव्या जुळणीला लागू नाहीत. दहा क्लिक एका बाजूला द्या, पाच शॉट मारा, ग्रूपचा (शॉटच्या पुंजक्याचा) मध्य किती हलला ते मोजा आणि नवा आकडा लिहा.

एक बारकावा राहिला. मागची साइट रेलवर कुठे बसते? डोळ्यापासूनचं तिचं अंतर दर वेळी तेच हवं. उंच मुलांना ती मागे लागते, लहानग्यांना पुढे. काही अ‍ॅक्शनवर रेल आखूड असते आणि डायॉप्टर पुढे नेला की तो कॉकिंग लिव्हरच्या (दर शॉटआधी ओढायच्या दांड्याच्या) किंवा छर्रा भरायच्या जागेच्या आड येतो. खरेदीआधी अ‍ॅक्शन पूर्ण उघडून डायॉप्टरची लांबी तिथे धरून बघा.

पाचवी पायरी: स्टॉक, बटप्लेट, चीकपीस

एका कंपनीची अ‍ॅक्शन दुसऱ्या कंपनीच्या स्टॉकमध्ये घालायचा विचार मनात आला तर तो मनातच ठेवा. बोल्टांचं अंतर वेगळं, तळाचा आकार वेगळा, ट्रिगरची जागा वेगळी. काही स्वतंत्र उत्पादक एकच स्टॉक अनेक अ‍ॅक्शनसाठी बनवतात, पण तिथेही अ‍ॅक्शनप्रमाणे मधला तुकडा वेगळा मागवावा लागतो. तो तुकडा सौद्यात आहे का, हा प्रश्न लोक विसरतात.

बटप्लेट स्टॉकला एका किंवा दोन दांड्यांवर, नाहीतर रेलवर बसते. दांडीचा व्यास आणि दोन असतील तर त्यांच्यातलं अंतर मोजा. बसली तरी काम संपत नाही. स्टॉकची लांबी सर्वात आखूड करून मुलाला उभं करा. तेव्हाही बोट ट्रिगरवर ताणून न्यावं लागत असेल तर तो स्टॉक त्याच्यासाठी मोठा आहे, बटप्लेट बदलून काही होणार नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात साडेपाच किलोची रायफल देण्याचीही गरज नाही. साडेपाच ही मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे.

डावखुऱ्यांनी तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: ग्रिप, चीकपीस (गाल टेकायचा भाग), कॉकिंग लिव्हर. चीकपीस बऱ्याचदा उलटवून लावता येतो, ग्रिप नवी मिळते. लिव्हर बाजू बदलतो की नाही ते मॉडेलवर अवलंबून आहे, आणि बदलत नसेल तर दर शॉटला डाव्या हाताने रायफल धरायची की उजव्या, असा गोंधळ कायमचा मागे लागतो.

बॅरलवरची वजनं क्लॅम्पने बसतात, म्हणून मघाशी मोजलेला बाहेरचा व्यास इथे कामी येतो. सैल क्लॅम्पखाली रबराची पट्टी घालून आवळणारे महाभाग प्रत्येक रेंजवर भेटतात. ते वजन शॉटगणिक एक केसभर सरकतं आणि ग्रूप उभा पसरतो.

सहावी पायरी: आटे आणि स्क्रू

युरोपातल्या रायफली मेट्रिक, अमेरिकेतलं बरंच सामान इंची. धोका तिथे आहे जिथे दोन्ही जवळजवळ सारखे असतात. पाच मिमीच्या मेट्रिक आट्यांत अमेरिकन दहा-बत्तीस स्क्रू सहज फिरतो: त्याचा व्यास ४.८३ मिमी आणि पल्ला ०.७९, तर मेट्रिकचा पल्ला ०.८. आवळेपर्यंत काही कळत नाही, आवळला की अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले. तसंच सहा मिमीचा मेट्रिक आणि कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा पाव इंची, ज्याचा व्यास ६.३५.

म्हणून आट्यांचं गेज घ्या, पाच-सहा पात्यांचं साधं चालेल. आणि सवय लावून घ्या: कुठलाही स्क्रू आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, चावी फक्त शेवटच्या आवळणीला. अ‍ॅक्शनचे बोल्ट टॉर्क रेंचने, कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर, आणि दर वेळी त्याच क्रमाने. कमी-जास्त आवळले तर शॉटचा मध्य सरकतो.

सातवी पायरी: छर्रे

हा रायफलीचा सुटा भाग नाही असं वाटतं, पण बॅरलशी त्याची जुळणी बाकी सगळ्यांपेक्षा नाजूक आहे. मॅच छर्रे सपाट डोक्याचे असतात. रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅम, पिस्तूलसाठी त्याहून हलके. डोक्याचा व्यास ४.४८पासून ४.५२ मिमीपर्यंत वेगवेगळा मिळतो आणि डबीवर छापलेला असतो. कोणत्या बॅरलला कोणता आवडेल, हे अंदाजाने सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ते क्लॅम्पमध्येच ठरतं.

रायफल पक्क्या क्लॅम्पमध्ये बसवा आणि प्रत्येक प्रकाराचे आधी पाच शॉट बॅरलला सरावण्यासाठी, मग दहा मोजायचे. १०.०साठी छऱ्र्याचं केंद्र टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिमीच्या आत लागतं, आणि तिथून दर पाव मिमीला ०.१ गुण वाढतो, १०.९पर्यंत. म्हणजे छर्रा बॅरलला न मानवल्याने अर्धा मिमी फेक वाढली तर प्रत्येक शॉटला ०.२पर्यंत जाऊ शकतात, आणि शॉट साठ असतात. चांगला ग्रूप देणारी डबी सापडली की तिचा लॉट नंबर लिहा आणि परवडेल तेवढ्या त्याच लॉटच्या घ्या. त्याच कंपनीचा, त्याच व्यासाचा पुढचा लॉट वेगळा वागू शकतो.

शेवटी, जोडण्याचा आणि तपासण्याचा क्रम

सगळं एकदम जोडून रेंजवर नेऊ नका. आधी अ‍ॅक्शन, स्टॉक, सिलिंडर, आणि क्लॅम्पमध्ये ग्रूप. तो नीट आला की साइट, मग पुन्हा ग्रूप. नंतर बटप्लेट आणि चीकपीस, शेवटी वजनं. एका सत्रात एकच बदल. ग्रूप बिघडला तर शेवटचा बदल मागे घ्या आणि पुन्हा मारून बघा. क्लॅम्पमध्ये ग्रूप घट्ट आणि खांद्यावर पसरलेला असेल, तर रायफलीची जुळणी झाली आहे, आता शरीराशी जुळवायचं राहिलं. ते काम कोचसमोर उभं राहून करायचं, स्क्रूच्या चावीने नाही.

जुळणी पक्की झाली की प्रत्येक सरकत्या भागावर रंगाची बारीक खूण करा आणि सगळ्या मोजपट्ट्यांचे आकडे फोटोसह वहीत ठेवा. विमानाने जायचं असेल तर सिलिंडर रिकामा करून काढावा लागतो आणि विमान कंपनीचे स्वतःचे नियम असतात, ते आधीच लेखी मागून घ्या. उतरल्यावर सगळं वहीवरून पुन्हा लावायचं.

सुट्या भागांची डबीही याच वेळी भरा: सिलिंडरच्या आणि अ‍ॅडॅप्टरच्या ओ-रिंग, साइटच्या जबड्याचा एक स्क्रू, एक जादा रिंग, रायफलीच्या चाव्यांचा संच. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत, जुलै २०२१मध्ये, मनू भाकरच्या एअर पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर मध्येच तुटला. दुरुस्तीत मिनिटं गेली, घड्याळ चालू राहिलं, आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. लिव्हर काही आपण डबीत ठेवू शकत नाही, पण तुमच्या मॉडेलचा लिव्हर राज्यात कुणाकडे आहे, आणि स्पर्धेच्या ठिकाणी तेच मॉडेल मारणारं कोण येणार आहे, हे फोनवर विचारून ठेवता येतं.

जुनी रायफल बघायला जाताना व्हर्नियर, आट्यांचं गेज, पेन्सिल, टेप आणि तुमच्या छऱ्र्यांची एक डबी बरोबर न्या. विकणारा जवळच्या रेंजवर दहा शॉट मारून बघायला तयार असेल, तर पुढची बोलणी तिथेच करा.